तोक्योंत बिऱ्हाड करतांना

जपानाचें नांव महाराष्ट्रास नवें नाहीं. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती-पुस्तिका हातीं पडल्यावर अण्णासाहेब कर्वे यांच्या मनांत तशा विद्यापीठाची कल्पना बळावली व १९१६ सालीं ती पुण्यास मूर्तरूप झाली, हें आमच्या वाचकांस विदितच आहे. त्या काळीं जपान छापील पानांतून भेटे. आतां आपलीं मुलें-सुना तेथें संसार थाटतात. तोक्योच्या पूर्वेस एदोगावा वॉर्डांत निशिकासाई म्हणून भाग आहे, तेथें या शतकाच्या आरंभापासून भारतीय अभियंत्यांची वस्ती वाढत गेली. २०१९ सालीं त्या वॉर्डाच्या प्रतिनिधिसभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले. तेव्हां तूरडाळ मिळेल कीं नाहीं, ही चिंता उरलेली नाहीं. अडचण निराळीच आहे. चार मराठी कुटुंबांच्या आधारानें माणूस वर्षानुवर्षें तेथें राहतो आणि भिंतीपलीकडील शेजाऱ्याचें नांवही त्यास ठाऊक नसतें. आम्हीं तेथें कांहीं वर्षें बिऱ्हाड केलें. त्या अनुभवावरून नव्यानें जाणारांस थोडें सांगावें असें वाटतें.

सरकारी कामें आधीं उरकावीं. मोठ्या विमानतळांवर उतरतांच निवासपत्र हातीं मिळतें. तें घराबाहेर पडतांना नेहमीं जवळ असावें. घर ठरल्यावर १४ दिवसांच्या आंत वॉर्डाच्या कचेरींत पत्ता नोंदवावा लागतो. नोकरीमार्फत विमा नसेल, तर त्याच खेपेस राष्ट्रीय आरोग्यविम्यांत नांव घालावें. मग औषधोपचाराच्या खर्चापैकीं बहुधा ३० टक्केच आपल्यावर पडतो. घर घेतांना अनामतीखेरीज 'रेइकिन' म्हणून एक रक्कम मागतात. ही घरमालकास दिलेली भेट, परत न मिळणारी! आपण घर घेऊन वर आपणच भेट द्यावी, हा न्याय आम्हांस अजून उमगलेला नाहीं. पण वाद घालण्यापेक्षां ती न मागणारीं घरें शोधावीं; तींही असतात.

घरांतील शिस्त मात्र आपल्या आजीबाईंस आवडावी अशी आहे. जोडे दाराशींच सोडावयाचे. शौचकूपाच्या सपाता वेगळ्या, त्या घालून खोलींत आलें कीं पाहुण्याची अब्रू गेलीच म्हणून समजावें. स्नानाची रीत अशी कीं, आधीं बाहेर बसून साबणानें अंग स्वच्छ धुवावें आणि मगच ऊन पाण्याच्या टबांत शिरावें. एकच पाणी घरचीं सारीं माणसें वापरतात, हें ऐकून आमच्या एका वृद्ध आप्तांनीं नाक मुरडलें. पण तेथें अंगाचा मळ पाण्यांत जातच नाहीं, हें पाहिल्यावर त्यांचा आक्षेप मावळला. स्वयंपाकघराविषयीं एकच सूचना: तेथील विजेचा दाब १०० व्होल्टांचा आहे; २३० व्होल्टांचा आपला मिक्सर त्यावर नुसता कण्हत राहतो.

शाकाहाऱ्यांची खरी परीक्षा बाहेर होते. "मांस नको" म्हटलें, कीं दुकानदार मोठ्या अदबीनें शेवयांचा वाडगा पुढें ठेवतो. परंतु त्यांतील पाणी बहुधा सुकविलेल्या माशाच्या किसाचें असतें. यांत त्याची लबाडी नसते. त्याच्या भाषेंतील 'मांस' या शब्दांत मासा येतच नाहीं! म्हणून "मासा नको, माशाचा कढही नको" असें दोन्ही जपानीत पाठ करून ठेवावें. समुद्रवनस्पतीचा कढही तेथें करतात, तो चालण्याजोगा. बौद्ध मठांतील 'शोजिन' भोजन तर पूर्ण शाकाहारी. कोयासानच्या मठांत राहून तें जेवतां येतें. जेवणाच्या काड्या भातांत उभ्या रोवूं नयेत. मृताच्या नांवें ठेवलेल्या भाताची ती खूण आहे. आपल्याकडे पानांत पिंडासारखा भात वाढलेला जितका खटकेल, तितकेंच तें त्यांस खटकतें.

परक्याची पारख मात्र कचऱ्यावरून होते. जळणारा, न जळणारा व पुन्हां उपयोगी पडणारा असे भाग करून ज्याच्या त्याच्या वारीं सकाळीं ठरल्या वेळेच्या आंत ठेवावा लागतो. जुनी खुर्ची टाकावयाची, तरी आधीं नोंद करून, चिकटपत्र विकत घेऊन लावावें लागतें. चुकीच्या दिवशीं ठेवलेली पिशवी तशीच पडून राहते आणि ती कोणाची, हें सर्व आळी न बोलतां ओळखते. म्हणून बिऱ्हाड करतांच दोन्ही बाजूंचीं दोन व समोरचीं तीन घरें गांठून, हातीं टॉवेल किंवा साबण अशी किरकोळ भेट देऊन यावें. ही तेथील जुनी रीत आतां मोठ्या शहरांत विरळ होत चालली आहे. तरी परक्यानें ती पाळली, तर दार अधिक आपुलकीनें उघडतें. कचऱ्याचें वेळापत्रक आम्हांस अशाच भेटींत समजलें.

नवऱ्याची कचेरी असते, मुलांची शाळा असते. एकटी पडते ती गृहिणी. आश्रित म्हणून गेलेल्या पत्नीस परवानगी काढून आठवड्यास २८ तासांपर्यंत काम करतां येतें, पण त्याआधीं भाषा हवी. वॉर्डाच्या सभागृहांतून स्वयंसेवक अल्प फीनें जपानी शिकवितात. पहिल्याच महिन्यांत तेथें नांव घालावें. "मुलें जरा रुळूं देत" म्हणत राहिल्यास मुलें रुळतात आणि आई दुकानांत, दवाखान्यांत त्यांच्या तोंडाकडे पाहत राहते. ही परवशता आम्हीं एकाहून अधिक घरांत पाहिली आहे.

धरणीकंपाच्या वेळीं तर ती जिवावर येऊं शकते. १ सप्टेंबर १९२३ चा तोक्योचा प्रलय तेथें कोणी विसरलेलें नाहीं. ११ मार्च २०११ रोजीं आगगाड्या बंद पडून हजारों लोक रात्रीं पायीं घरीं परतले. अशा वेळीं नवरा शहराच्या दुसऱ्या टोकास असणार. तेव्हां जवळची आश्रयशाळा कोणती, तें आधीं चालत जाऊन पाहावें. पाणी, कोरडें अन्न, औषधें, विजेरी व निवासपत्राची प्रत यांची पिशवी दाराशीं ठेवावी. रुग्णवाहिकेस ११९ व पोलिसांस ११० हे आंकडे मुलांसही पाठ असावे. मोठा धक्का बसला, कीं गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. तो सुरू करण्याची कळ शेजारीणबाईंकडून आधींच पाहून घ्यावी. कळ दाबल्यावर सुमारें तीन मिनिटें थांबावें लागतें. तोंवर शेगडी पेटवूं नये.