पानी पडू द्या, मंग पाहू

पांढुर्ण्यात किंवा सौसरात जुनं घर विकत घेतलं, की रजिस्ट्री एका दिवसात होते. मोहल्ल्यात मात्र ते घर पुढची कित्येक वर्षं विकणाऱ्याच्याच नावानं चालतं. दूधवाला, गॅसवाला, लग्नाची पत्रिका द्यायला आलेला मुलगा, सगळे जुन्या मालकाला हाक मारत दार वाजवतात. नव्या मालकानं पितळी पाटी लावून पाहिली तरी कुणी ती वाचत नाही. दारासमोर रेतीचा ढीग पडला, की मग चित्र पालटतं. येणारे-जाणारे थांबतात, आत डोकावतात, "काय काढलं काम?" म्हणून विचारतात. काम लांबतं, रस्ता अडतो, शेजारी कुरकुरतात, आणि त्या कुरकुरीतच नव्या माणसाचं नाव पहिल्यांदा लोकांच्या तोंडी बसतं.

हा भाग मध्य प्रदेशात आहे, बोलणं वऱ्हाडी वळणाचं आहे. 1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे इथला घरमालक खसरा, नामांतरण, पटवारी या हिंदी कागदांतून जातो आणि घरी येऊन गवंड्याशी मराठीत घासाघीस करतो. ती मराठीही जुडाई, छपाई, गिट्टी, पुताई अशा शब्दांची. पुण्याच्या माणसाला तिथलं ‘प्लास्टर’ इथं ‘छपाई’ होतं हे कळायला थोडा वेळ लागतो, एवढंच.

5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून निघाल्या आणि पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा म्हटला की कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून बदलीची माणसं आली, आणि गावाच्या कडेच्या कापसाच्या, संत्र्याच्या शेतांकडे लेआउटच्या नजरेनं पाहणारेही आले. घर घेणाऱ्यापुढे आता दोन वाटा असतात. गावठाणातलं मातीच्या भिंतींचं, सागवानी खांबांचं जुनं घर घ्यायचं, किंवा लेआउटमधलं कुणीतरी आठ-दहा वर्षांपूर्वी बांधून विकायला काढलेलं सिमेंटचं घर घ्यायचं. दुसऱ्याला लोक ‘तयार घर’ म्हणतात. खरं तर दोन्हींत तयार काहीच नसतं.

जुनी वस्ती बहुधा उंचवट्यावर, मुरमाड किंवा पांढरीच्या जमिनीवर बसायची. काळी जमीन पेरण्यासाठी, पांढरी राहण्यासाठी, हा हिशेब गावात पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. लेआउटनं तो मोडला. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. कापसाला ही माती मानवते, कारण ती ओल धरून ठेवते. घराला तीच जाचते, कारण वर्षातून एकदा ती घर किंचित उचलते आणि एकदा खाली सोडते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या सगळ्यांना दिसतात. तेच पायाखाली चाललेलं असतं, ते कुणाला दिसत नाही. दिसते ती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढत गेलेली भेग.

नवा मालक पहिल्यांदा चिडतो तो या भेगेवर. घर दाखवताना ती नव्हती, कारण विकण्याआधी पुट्टी भरून रंग मारलेला होता. आता मे महिन्यात ती उघडी पडली. मालकाला ती उद्याच बुजवून हवी असते. जाणता मिस्त्री हात मागे घेतो आणि म्हणतो, "पानी पडू द्या, मंग पाहू." नवख्याला हा आळस वाटतो. पण त्यात शहाणपण आहे. मे महिन्यात भेग सगळ्यांत रुंद असते. तेव्हा ती कडक मसाल्यानं ठासून भरली, तर पावसात माती फुगून भिंत जागेवर येऊ पाहते, मधे तो मसाला आड येतो आणि शेजारी दुसरी भेग फुटते. म्हणून भेगेवर काचेची एक पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून वर तारीख लिहून ठेवायची. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती शाबूत राहिली, तर भेग जुनी आहे, बुजवायला हरकत नाही.

भेगेचं कारण पुष्कळदा त्याच खिडकीत बसलेलं असतं. इथला उन्हाळा कुलरशिवाय निघत नाही. कुलर खिडकीला, त्याच्या टाकीची गळती खाली पायाशी. दोन-तीन महिने पायाचा तेवढाच कोपरा ओला आणि बाकीचं घर ठणठणीत कोरडं. म्हणजे एक कोपरा फुगलेला आणि उरलेले तीन आकसलेले. अशा घरात भिंतीवर पाच हजारांची पुट्टी चढवण्याआधी कुलरखाली एक ट्रे आणि दोन फूट पाइप लावावा. न्हाणीचं पाणी, छताच्या पन्हाळीचं पाणी आणि भिंतीला खेटून लावलेली मोठी झाडं यांचाही हिशेब घ्यावा. घराभोवती बाहेर उतार दिलेला, पाणी न मुरणारा फरशीचा पट्टा हे या मातीतलं फार उपयोगी काम. ते दिसायला काहीच नाही, म्हणून ते कुणी करत नाही.

नव्यानं बांधायचं असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी खाली फुगा असलेल्या खांबांचा पाया पुढे आणला, त्याला अनेक दशकं झाली. हे खांब साधारण साडेतीन मीटर खोल जातात, कारण त्याखाली ऋतूप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. पण उभ्या घराखाली ते घालणं सोपं नाही. विकत घेणाऱ्याला पाया दुसऱ्याचाच मिळतो, आणि त्याच्याशी जमवून घ्यावं लागतं.

गावठाणातल्या घराची कहाणी वेगळी. तिथं भिंत दीड-दोन हात रुंद, मातीची. छपरी, माजघर, मागे सांदीत विहीर किंवा हातपंप, आणि वर कवेलू. या घरांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे सुधारणेचा उत्साह. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि पृष्ठभागावरून हळूहळू सोडून देते. तिला सिमेंटची छपाई केली की ओल आत कोंडते. पहिलं वर्ष भिंत छान दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी छपाईचा पापुद्रा फुगतो, बोटाच्या पेरानं ठोकला की पोकळ वाजतो, आणि एके दिवशी हातभर तुकडा आतली माती सोबत घेऊन खाली येतो. मग मालक मातीला दोष देतो. मातीच्या भिंतीला मातीची किंवा चुन्याची छपाई लागते, आणि ती दर दोन-चार वर्षांनी पुन्हा लागते. हे मान्य नसेल त्यानं मातीचं घर घेऊ नये.

कवेलूंचं तसंच. पूर्वी मृग लागायच्या आत घरोघरी कवेलू फेरले जात. एकजण वर, एकजण शिडीवर, एकजण खाली. फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, पाचोळा झटकायचा, विंचू निघाला तर आरडाओरडा करायचा. नळीच्या कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते, म्हणून टिनाखाली भाजणारा माणूस कवेलूंखाली दुपारी झोपू शकतो. मग लोकांनी टिन का घातलं? फेरणारी माणसं मिळेनाशी झाली हे एक कारण, आणि दुसरं कारण वानरं. सौसरजवळ जामसावळीला पिंपळाखाली निजलेला मारुती आहे, दूरदूरून लोक दर्शनाला येतात. देव निजलेला असला तरी त्याची सेना जागी असते. एक कळप सकाळी या छपरावरून त्या छपरावर गेला की निम्म्या वर्षाची मेहनत वाया. त्यामुळे कवेलू काढून टिन घालणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त टिनाखाली बांबूच्या तट्ट्यांचं किंवा लाकडी फळ्यांचं आतलं छत ठेवलं तर खोली राहण्याजोगी राहते.

दुसऱ्याच्या घरात राहायला जाऊन ते आपलं करण्याचं एक प्रसिद्ध उदाहरण याच पट्ट्यात, वर्ध्याजवळ आहे. 1936 साली गांधीजी सेगावला राहायला आले तेव्हा घराचा खर्च शंभर रुपयांच्या आत ठेवावा आणि सामान गावच्या परिसरातलं असावं, अशी त्यांची अट होती. त्यातून आदिनिवास उभा राहिला. ज्या झोपडीला आज जग बापूकुटी म्हणून ओळखतं, ती मात्र मुळात मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली. गांधीजी तिथं नंतर राहायला गेले आणि गरजेप्रमाणे तिच्यात भर पडत गेली. भिंतीवरची मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा मीराबेनच्या हातची, ती तशीच राहिली. नवा रहिवासी आला म्हणून आधीच्या माणसाचा हात पुसून टाकलेला नाही. ही कुटी आज उभी आहे ती दरसालच्या डागडुजीमुळे. तिकडे आफ्रिकेत मालीमध्ये जेन्ने गावची मातीची प्रचंड मशीदही अशीच टिकली आहे. 1907 मध्ये बांधलेल्या त्या मशिदीला गावकरी दरवर्षी जमून नव्यानं लिंपतात, आणि तो दिवस तिथं सणासारखा साजरा होतो.

आधीच्या माणसाचा हात आपल्या घरांतही असतो, पण तो पुसण्याची घाई फार. खुंट्या त्याच्या उंचीच्या, ओटा त्या घरच्या बाईच्या कमरेच्या मापाचा, विजेची बटणं त्याच्या सवयीच्या जागी. नव्या घरात पहिले दोन महिने अंधारात हात भलत्याच भिंतीवर जातो तो यामुळे. देवळीत पिढ्यान्‌पिढ्या दिवा लागून काजळी बसलेली असते. तिच्यावर चुन्याचे कितीही हात मारले तरी पिवळट डाग परत वर येतो. काहीजण वैतागून देवळीच बुजवतात. काहीजणी तिथं आपला दिवा लावायला सुरुवात करतात आणि डागाचा प्रश्न मिटतो. ओट्याचं मात्र जमवून घेऊ नये. तो पहिल्याच महिन्यात फोडून स्वयंपाक करणाऱ्याच्या मापाचा करून घ्यावा, कारण बैठकीच्या रंगापेक्षा पाठीचं दुखणं महाग पडतं. बैठकीच्या रंगावर घरात चार बैठका होतात आणि ओट्याच्या उंचीबद्दल बाईला कुणी विचारत नाही, हे पांढुर्ण्यापासून पुण्यापर्यंत सारखंच आहे.

स्वतः खपल्यावर वस्तू प्रिय होते, हे हार्वर्डच्या मायकेल नॉर्टन यांनी दोन सहकाऱ्यांसह 2012 मध्ये प्रयोग करून मांडलं. स्वतः जोडलेली साधी खोकी, स्वतः घडी घातलेले कागदाचे पक्षी लोकांना जास्त किमतीचे वाटले. याच प्रयोगातली दुसरी गोष्ट घर घेणाऱ्यानं जास्त लक्षात ठेवायला हवी. काम अर्धवट सोडावं लागलं किंवा केलेलं मोडलं, तर तो जिव्हाळा नाहीसा होतो. म्हणून एकदम सगळं घर उकरून ठेवणं वाईट. पैसे संपतात, मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो, आणि कुटुंब सिमेंटच्या धुळीत दोन पावसाळे काढतं. अशी घरं मग विकायला निघतात. त्यापेक्षा एका वर्षी छप्पर, पुढच्या वर्षी न्हाणी, त्याच्या पुढे मागची भिंत, असा क्रम बरा. रेती कन्हानची आणायची की दुसरी, सागवानी चौकट ठेवायची की लोखंडी बसवायची, या वादांनाही तेवढा वेळ मिळतो. वाळवी लागली नसेल तर जुनी सागवानी चौकट कदापि काढू नये. मध्य प्रांताचं सागवान ‘सी. पी. टीक’ म्हणून दूरवर नावाजलेलं. ती चौकट भंगारवाला घरबसल्या नेतो, आणि तिच्या बदल्यात आलेलं दार पहिल्या श्रावणात फुगून बसतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, म्हणजे दोन काठांवरच्या गावांची एकमेकांवर दगडफेक. पांढुर्णा एका काठावर, सावरगाव दुसऱ्या, मधे नदीत रोवलेलं पळसाचं झाड. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्याला त्या दिवशी आपण कुठल्या काठाचे, हे ठरवावं लागतं. बहुतेक नवखे घरातच बसतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. पण पोळ्यापर्यंत दोन महिन्यांचा पाऊस होऊन गेलेला असतो. छप्पर कुठं गळतं, कुठली भिंत पाणी पिते, मोरी कुठं तुंबते, हे सगळं घरानं तोपर्यंत सांगून टाकलेलं असतं. त्या सुट्टीच्या दिवशी पेन्सिल घेऊन घरभर फिरावं, ओलीच्या कडा भिंतीवरच आखून ठेवाव्यात आणि शेजारी तारीख लिहावी. दसऱ्यानंतर मिस्त्री मोकळा झाला की त्याला त्या रेषा दाखवता येतात.

घर घेण्याच्या विचारात असणाऱ्यांनी ते एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये पाहावं. तेवढी सवड नसेल तर निदान शेजारच्या घरात चहा प्यावा आणि गळतं कुठं ते विचारावं. विकणारा हे सांगेलच असं नाही, आणि रजिस्ट्रीच्या कागदात त्यासाठी रकाना नाही.