कंपनीच्या बसचा थांबा आणि नळाची वेळ

गावाकडे सांगताना 'पुण्याला नोकरी लागली' असंच सांगायचं. खरं पुणं, म्हणजे लक्ष्मी रोड नि तुळशीबाग, आमच्या वाट्याला महिन्यातून एखाद्या रविवारी यायचं. नोकरी असायची पिंपरीला, आकुर्डीला, नाहीतर भोसरीच्या एमआयडीसीत. सांगली, कराड, बार्शी, लातूर, जळगाव, कुठून कुठून आलेली ती बिऱ्हाडं. १९७२च्या दुष्काळानंतर तर नुसत्या शेतावर विसंबून राहायचं नाही, हे घराघरात ठरून गेलं होतं. आयटीआय झालेला मुलगा असला की त्याला टेल्कोत चिकटवायचं, नाहीतर बजाजमध्ये, तेही नाही जमलं तर त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या शेडमध्ये. आधी तो एकटा यायचा, कॉट बेसिसवर राहायचा, खानावळीत जेवायचा. कायम झाल्याचं पत्र हातात पडलं की मग बायको यायची, आणि वर्ष-दोन वर्षं भाड्याच्या खोलीत काढली की घराचं बोलणं सुरू व्हायचं. घ्यायचं हे नक्की. पण कुठं?

तसे आमच्यापुढे तीन रस्ते होते. पहिला पेठेतला वाडा. तिथं विकत काही मिळायचं नाही आणि भाड्यानंही सहजासहजी मिळायचं नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडेकरू एकदा आत आला की निघत नाही, असा मालकांचा पक्का समज. म्हणून ओळखीशिवाय कुणी दारात उभं करत नसे. शिवाय १९६१च्या पानशेतच्या पुरानं नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे गेलेले. दुसरा रस्ता कोथरूडचा. तिकडे तेव्हा शेतं होती, मध्येमध्ये सोसायट्या उभ्या राहत होत्या, आणि बँकेतली, शाळा-कॉलेजातली मंडळी तिकडे जात होती. हवा छान, शाळा छान, शेजार छान. आमच्या नात्यातल्या शिकलेल्या माणसांनी कोथरूडचाच आग्रह धरला होता. 'पोरांच्या कानावर चांगलं मराठी पडेल,' असंही एकानं सांगितलं. आमची पोरं चिंचवडला वाढून कुठलं मराठी बोलतात, ते त्यांनी नंतर ऐकलंच.

कोथरूड बाद झालं ते पाळीमुळं. पहिल्या पाळीची कंपनीची बस चौकात पावणेसहाला यायची. बस चुकली की खाडा. दुसरी पाळी सुटायला रात्रीचे साडेअकरा. त्यानंतर कोथरूडला पोचायचं म्हणजे दीड वाजला, आणि जाणार कशानं? पुणे-लोणावळा लोकल १९७८पासून सुरू झाली खरी, पण ती रुळाकाठच्या लोकांची. चेतकला नंबर लावलेला असायचा, आणि ती कधी मिळेल हे स्कूटर बनवणाऱ्या माणसालासुद्धा सांगता यायचं नाही. आमच्या चाळीत बजाजचे तिघं कामगार होते आणि तिघंही सायकलवर जायचे. म्हणजे घर कुठं घ्यायचं हे खरं तर कंपनीच्या ट्रान्सपोर्ट खात्यानंच ठरवलं. बसचा मार्ग बघायचा, थांबे बघायचे, आणि थांब्यापासून रात्री चालत येता येईल एवढ्या अंतरात जागा शोधायची. हाच तिसरा रस्ता. चिंचवड, आकुर्डी, निगडी, संभाजीनगर, शाहूनगर ही वस्ती अशी पाळ्यांच्या हिशेबानं भरत गेली.

हा झाला पुरुषांचा हिशेब. बायकांचा वेगळा होता, आणि माझं मत विचाराल तर जास्त पक्का होता.

जागा बघायला गेलो की हे आणि बिल्डर भिंतीला हात लावत फिरायचे, स्लॅब किती इंची, दरवाजे सागवानी की पार्टेक्सचे असलं बोलायचे. मी आणि शेजारच्या वहिनी खाली उतरून समोरच्या, आधीच राहायला लागलेल्या बिल्डिंगकडे बघत उभ्या राहायचो. वहिनींची एक परीक्षा होती. बाल्कन्या बघायच्या. एखाद्या बाल्कनीत पिंप असेल तर त्या घरात माणसं जास्त. प्रत्येक बाल्कनीत पिंप असेल तर तिथं पाणी नाही. मग त्या थेट कुणाच्या तरी दारावर टकटक करायच्या, 'ताई, जरा पाणी द्याल का प्यायला?' आणि आत गेल्यावर स्वयंपाकघरातल्या मोरीकडे नजर. कळशी भरून ठेवलीय की नळाखाली रिकामी लावून ठेवलीय? पाणी किती वाजता येतं? तिसऱ्या मजल्यावर चढतं का? पाण्याची वेळ पहाटे चारची असेल तर घर कितीही स्वस्त असो, नको. नवरा रात्रपाळीला, पोरं लहान, आणि चारला उठून पाणी भरायचं कुणी? एकदा तर त्यांनी चौकात चावी सोडणाऱ्या माणसालाच गाठलं. कुठल्या गल्लीला पाणी आधी जातं आणि कुठल्या गल्लीला उरलंसुरलं, हे बिल्डरपेक्षा तोच खरं सांगणार! त्यानं सांगितलं, आणि आम्ही ठरवलेली जागा त्या दिवशी बदलली.

पाण्यानंतर शाळा, मग पिठाची गिरणी, मग वहीवर उधार देणारा वाणी. रात्रपाळीच्या आठवड्यात नवरा दुपारी झोपतो, तेव्हा खाली लेथ मशीन चालतं का हेही बघावं लागायचं. निवासी भागातसुद्धा तळमजल्यावर वर्कशॉप असायची, आणि आमची माणसं रात्रभर लेथवर उभी राहून आलेली.

पैशाचं काय सांगावं. कंपनीची पतपेढी, प्रॉव्हिडंट फंडातला ॲडव्हान्स, एलआयसीच्या पॉलिसीवर कर्ज, आणि शेवटी पाटल्या. पतपेढीला जामीनदार लागायचे. एकाच खात्यातली माणसं एकमेकांना जामीन राहायची, त्यामुळं एकाचा हप्ता थकला की चौघांच्या घरात बोलणी. एचडीएफसी १९७७ साली निघाली होती, पण घरासाठी कुणी परकी कंपनी वीस वर्षांचं कर्ज देते, हे गावाकडच्यांना पटायचंच नाही. माझे सासरे म्हणाले होते, 'गावात चौसोपी घर असताना कर्ज काढून दोन खोल्या घेता?' त्यांना शेवटपर्यंत ते पटलं नाही. वास्तुशांतीला मात्र आले आणि दोन दिवस गच्चीवर बसून विमानं बघत राहिले.

आणि एक मोह होता, त्याबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यात पुष्कळ जण अडकले. गुंठ्याचा मोह. काळेवाडी, थेरगाव, दिघी, तळवडे, तिकडे शेतकरी गुंठ्या-गुंठ्यानं जमीन विकत होते. दोन खोल्यांच्या पैशात स्वतःची जमीन! गावाकडून आलेल्या माणसाला ब्लॉकपेक्षा जमिनीची ओढ जास्त असते. कागद म्हणजे स्टॅम्पपेपरवरचं साठेखत. एनए नाही, नकाशा मंजूर नाही. नळ आणि ड्रेनेज यायला कित्येकांना वर्षानुवर्षं लागली, आणि ती बांधकामं नियमित करून घेण्यासाठी गुंठेवारीचा कायदा यायला २००१ साल उजाडलं. तळवडे-चिखलीकडे घेणाऱ्यांना तर देहूरोडच्या दारूगोळा कोठाराचा रेड झोन आडवा आला. पवनेच्या काठी घेणाऱ्यांना पूररेषा. विकणाऱ्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि घेणाऱ्यानं तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढला नव्हता, कारण रविवारी तलाठी नसतो आणि इतर दिवशी खाडा होतो.

त्या मानानं प्राधिकरणात नंबर लागलेले नशिबाचे. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडी-आकुर्डीच्या माळावर सेक्टर आखले गेले. रस्ते रुंद, बागेला जागा सोडलेली. आमची पोरं अजूनही पेठांतल्या पाहुण्यांना ते रस्ते दाखवायला नेतात. अडचण एकच, जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. त्यावरून तेव्हा भरपूर चेष्टा व्हायची. 'नव्याण्णव वर्षांनी काढलं तर कुठं जाल?' 'वैकुंठात!' हसण्यावारी गेलं ते. पुढं घर विकायची, मुलांच्या नावावर करायची वेळ आली, परवानगी आणि हस्तांतर शुल्क आडवं आलं, तेव्हा तेच लोक मोर्च्यात दिसले. २०२१ मध्ये प्राधिकरणच बरखास्त झालं. कागद मात्र त्यांच्या कपाटात तसेच आहेत.

आता पाळी आमच्या मुलांची. त्यांच्या नोकऱ्या हिंजवडीला, आणि बघायच्या जागा वाकड, पुनावळे, रावेत, ताथवडे. आमच्यापेक्षा त्यांच्या हातात कितीतरी जास्त आहे. २०१७पासून महारेरावर प्रकल्पाची नोंदणी बघता येते, ताबा कधी देणार ते बिल्डरला तिथं लिहून द्यावं लागतं. सातबारा फोनवर निघतो. आम्ही ज्यासाठी खाडे केले असते, ते ही मुलं चहा पिता पिता करतात. पण त्यांच्याबरोबर साइटवर गेले की मला सारखं वाटतं, ही स्लॅब बघतात, बाल्कनी बघत नाहीत. सॅम्पल फ्लॅटमध्ये नळ सुरू केला की पाणी येतंच. सोसायटी भरल्यावर महिन्याला किती टँकर येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये किती, हे त्या नळाला विचारून कळत नाही. नकाशावर हिंजवडी वाकडपासून जवळच दिसते. पावसाळ्यात सकाळी नऊ वाजता ती कुठं असते, हे तिथल्या चौकात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या वेळी थांब्यापासून घर किती मिनिटांवर, ते पायी चालून बघितलेलं असायचं.

आमची निवड बरोबर होती का? ज्या दिवसांसाठी घर घेतलं, त्या दिवसांना पुरेपूर बरोबर होती. कंपन्या बदलल्या, काही बंद पडल्या, टेल्कोचं टाटा मोटर्स झालं, पीसीएमटीची बस जाऊन मेट्रो आली, आणि ज्या थांब्यासाठी ही जागा घेतली तो थांबाच राहिला नाही. नळाला पाणी मात्र अजून येतं. आता दिवसाआड येतं, पण सकाळी सात वाजता येतं.

तेव्हा नोकरीसाठी गाव बदलून घर घेणाऱ्यांना आमच्या पिढीचं एवढंच सांगणं आहे. रविवारी दुपारी घर बघायला जाऊ नका. सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला जा, एकदा पावसात जा, आणि समोरच्या बिल्डिंगचं दार वाजवून पाणी मागा.