हरवलेले आत्मनेपद

परकी भाषा शिकताना माणूस स्वभाषेकडे नव्याने पाहू लागतो, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्यातील तथ्य कोणत्या नेमक्या स्थळी प्रत्ययाला येते, याचा विचार सहसा होत नाही. माझ्यापुरते ते स्थळ म्हणजे स्पॅनिश भाषेतील ‘से’ हे एकाक्षरी सर्वनाम. ज्यांना स्पॅनिश व्याकरणात कर्त्याकडे परतणारी, म्हणजे आत्मवाचक, क्रियापदे म्हणतात त्यांची रूपे काळांतून आणि अर्थांतून चालवून घेता घेता हे ‘से’ मला मराठीच्या अशा एका कोपऱ्यात घेऊन गेले की जेथे मराठी शिक्षणाने मला कधी नेले नव्हते.

पहाडगंजात मी काही वर्षे संध्याकाळी चारदोन विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवीत आलो आहे. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील ही वस्ती भाषांच्या दृष्टीने मोठी विलक्षण आहे. मुघल काळात शहराच्या तटाबाहेरची ही धान्याची पेठ. १९४७ नंतर फाळणीने उखडलेली पंजाबी कुटुंबे येथे आली. आणि १९७० च्या सुमारास पाठीवर बोचके बांधून हिंडणाऱ्या पाश्चात्त्य प्रवाशांनी येथील मेन बाजारात स्वस्त बिऱ्हाडे शोधली. याच वस्तीत नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. येथून हाकेच्या अंतरावर, हनुमान रोडवर, २००९ मध्ये स्पेनच्या इन्स्तितुतो सेर्बान्तेस या संस्थेचे केंद्र सुरू झाले. तेव्हा घरी मराठी, गल्लीत हिंदी, वर्गात इंग्रजी आणि पोटापाण्यासाठी स्पॅनिश असा चार पदरी व्यवहार करणारा मराठी मुलगा येथे भेटला तर त्यात नवल नाही. माझे विद्यार्थी बहुधा असेच. कोणाला प्रवाशांचा वाटाड्या व्हायचे असते, कोणाला अनुवादक.

या मुलांच्या हाती जी पाठ्यपुस्तके असतात ती इंग्रजीच्या आधाराने स्पॅनिश शिकवतात. त्यांत पहिले उदाहरण ठरलेले: ‘मे लेबान्तो’, म्हणजे ‘मी स्वतःला उठवतो’. मग ‘ते लेबान्तास’, ‘से लेबान्ता’, ‘नोस लेबान्तामोस’ अशी पंगत बसते आणि प्रत्येक पानावर एक अदृश्य ‘स्वतःला’ वाढला जातो. वस्तुतः ‘मे लेबान्तो’ म्हणजे ‘मी उठतो’, एवढेच. ‘लेबान्तार’ म्हणजे उठवणे, उचलणे. ‘लेबान्तार्से’ म्हणजे उठणे. स्पॅनिश भाषा सकर्मक धातूला ‘से’ जोडून जे अकर्मक रूप साधते, ते मराठीत धातूच्या पोटातच सिद्ध असते: उठणे-उठवणे, बसणे-बसवणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे. दिशा तेवढी उलटी. मराठी बहुधा अकर्मकापासून निघून प्रयोजकाकडे जाते, स्पॅनिश सकर्मकापासून निघून मागे वळते. ही गोष्ट एकदा उमगली की विद्यार्थ्याच्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरते.

उरलेले अर्धे काळांचे आणि अर्थांचे. येथेही मराठी व्याकरणाची जुनी परिभाषा आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी पडते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ ही मराठी व्याकरणाची चौकट स्पॅनिशवर ठेवून पाहावी. ‘मे लेबान्ताबा’ हा आपला रीतिभूतकाळ: मी उठत असे. अंत्याक्षरावर आघात दिलेले ‘मे लेबान्ते’ म्हणजे मी उठलो; ‘मे ए लेबान्तादो’ म्हणजे मी उठलो आहे; ‘मे लेबान्तारे’ म्हणजे मी उठेन. इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी यांपैकी पहिल्या दोहोंत वर्षभर गोंधळलेला असतो, कारण इंग्रजीच्या साध्या भूतकाळात सवय आणि घटना एकाच रूपात मावतात. मराठी मुलाला ‘उठत असे’ आणि ‘उठलो’ यांतील भेद आईच्या भाषेतूनच मिळालेला असतो; त्याला कोणी त्याची आठवण करून दिलेली नसते, इतकेच.

विध्यर्थाचे तसेच. ‘मी सहाला उठावे अशी तिची इच्छा आहे’ या वाक्यातील ‘उठावे’ हे वाख्यात जे काम करते, तेच स्पॅनिशमध्ये ‘के मे लेबान्ते’ हे रूप करते. देवनागरीत लिहिले की हे ‘लेबान्ते’ आणि मघाचे भूतकाळी ‘लेबान्ते’ सारखेच दिसतात. भेद आहे तो आघाताचा: आघात मध्यावर असेल तर ‘उठावे’, अंती असेल तर ‘उठलो’. ‘इन्द्रशत्रु’ या शब्दातील एका स्वराच्या चुकीने यजमानाचाच घात झाल्याची कथा ज्या परंपरेने जपली, तिच्या वारसांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. आज्ञार्थातही ओळखीची खूण पटते. ‘ऊठ’ म्हणजे ‘लेबान्ताते’, येथे सर्वनाम क्रियापदाच्या शेपटीला चिकटते. ‘उठू नकोस’ म्हणजे ‘नो ते लेबान्तेस’, येथे सर्वनाम पुढे येते आणि क्रियापद आज्ञार्थ सोडून विध्यर्थात शिरते. मराठीतही ‘ऊठ’चा नकार ‘न ऊठ’ असा सरळ होत नाही. ‘नको’ची सर्वस्वी निराळी रचना करावी लागते. संकेतार्थात तर दोन्ही भाषा खांद्याला खांदा लावून चालतात: लवकर उठलो असतो तर गाडी चुकली नसती.

परंतु एवढ्याने ‘से’चे रहस्य संपत नाही. या सर्वनामाखाली स्पॅनिशमध्ये इतक्या भिन्न क्रिया का एकत्र याव्यात? बसणे, निजणे, कपडे घालणे, लाजणे, आनंदणे, मरणे: ‘सेन्तार्से’, ‘आकोस्तार्से’, ‘बेस्तिर्से’, ‘आबेर्गोन्सार्से’, ‘आलेग्रार्से’, ‘मोरिर्से’. हीच यादी संस्कृतात लिहून पाहावी: आस्ते, शेते, वस्ते, लज्जते, मोदते, म्रियते. सारी आत्मनेपदे! त्यांतही ‘वस्ते’ आणि ‘बेस्तिर’ ही तर मुळातच एका धातूची लेकरे, तशीच ‘म्रियते’ आणि ‘मोरिर’ही, आणि ‘से’ व संस्कृत ‘स्व’ यांचे मूळही एकच.

पाणिनीने (१.३.७२) उभयपदी धातूंविषयी सांगितलेला नियम सर्वांना ठाऊक आहे: क्रियेचे फळ कर्त्याला मिळावयाचे असेल तेथे आत्मनेपद. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतो म्हणून ‘यजति’, यजमान स्वतःसाठी करतो म्हणून ‘यजते’. आमच्या गल्लीतील खाणावळीचा आचारी दिवसभर ‘पचति’ आणि रात्री स्वतःपुरती भाकरी टाकताना ‘पचते’. क्रिया कर्त्यावर उलटून आदळते, ही पाश्चात्त्य शालेय व्याकरणाची कल्पना. क्रियेचे फळ कर्त्यापाशी राहते, ही आपल्या व्याकरणाची. ‘से’च्या बहुसंख्य प्रयोगांना पहिलीपेक्षा दुसरी कल्पना अधिक लागू पडते, असे माझे मत होत गेले आहे.

इतिहासाकडे पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. आत्मनेपद ही दोन्ही घराण्यांची वडिलोपार्जित ठेव. लॅटिनमध्ये ‘मोरिओर’ (मी मरतो), ‘नास्कोर’ (मी जन्मतो) अशा रूपांनी तिची आठवण टिकली होती; लॅटिनपासून निघालेल्या लोकभाषांत ती रूपे गेली आणि त्यांची बरीचशी जागा ‘से’ने घेतली. इकडे प्राकृतांत आत्मनेपदाचे प्रत्यय झिजत गेले व मराठीपर्यंत त्यांचा मागमूस उरला नाही. मग मराठीने ती जागा कशाने भरली? मला वाटते, संयुक्त क्रियापदांनी. लिहिणे आणि लिहून घेणे, शिकणे आणि शिकून घेणे यांत ‘घेणे’ जे करते ते आत्मनेपदाचेच काम आहे. आणि जेथे स्पॅनिशकडे एकटा ‘से’ आहे तेथे मराठीकडे अख्खे बिऱ्हाड आहे. ‘इर’ जाणे, ‘इर्से’ निघून जाणे; ‘कोमेर’ खाणे, ‘कोमेर्से’ खाऊन टाकणे; ‘दोर्मिर’ झोपणे, ‘दोर्मिर्से’ डोळा लागणे; ‘ओल्बिदार’ विसरणे, ‘ओल्बिदार्से’ विसरून जाणे, आणि प्रसंगी विसरून बसणे. घेणे, जाणे, टाकणे, बसणे: लाभ, स्थित्यंतर, पूर्तता, पश्चात्ताप. एका ‘से’चा अनुवाद करताना मराठी अनुवादकाला यांतून निवड करावी लागते, आणि निवड करणे म्हणजे अर्थ लावणे.

कर्त्याला बाजूस सारणारे ‘से’ याहून रोचक. ‘से आल्किला’, ‘से बेन्दे’ या पाट्या स्पेनमधील घरांवर लागतात. त्यांचे शब्दशः भाषांतर करणारा अडखळतो. मराठी वृत्तपत्रांतील छोट्या जाहिराती वाचणारा अडखळत नाही. ‘भाड्याने देणे आहे’, ‘विकणे आहे’: देणारा कोण, विकणारा कोण, याची वाच्यता नाही. आणि ‘से मे रोंपिओ एल बासो’? ‘माझ्या हातून पेला फुटला’. पेले अनेक असतील तर स्पॅनिश क्रियापद अनेकवचनी होते, तसेच ‘पेले फुटले’. फुटण्याचे कर्तेपण पेल्याकडे, झळ मात्र मला. ‘मी पेला फोडला’ हे वाक्य दोन्ही भाषांत संभवते. पण त्यात कबुली आहे, कदाचित हेतूही आहे.

हा भेद केवळ शैलीचा नाही, याचा प्रत्यय पहाडगंजासारख्या ठिकाणी वरचेवर येतो. एका स्पॅनिशभाषी प्रवासी बाईंचा पासपोर्ट हरवला. तक्रार लिहून देण्यासाठी माझ्या एका विद्यार्थ्याला बोलावणे आले. बाई म्हणत होत्या, ‘से मे पेर्दिओ एल पासापोर्ते’. पाठ्यपुस्तकाच्या इंग्रजी वळणाने गेले तर ‘मी माझा पासपोर्ट हरवला’ असे होते. मुलाने हिंदीत लिहिले, ‘मेरा पासपोर्ट खो गया’. ‘मैंने खो दिया’ असे त्याने लिहिले नाही. नंतर मला विचारू लागला, “सर, हे बरोबर ना? घरी आई ‘किल्ली हरवली’ म्हणते, ‘मी किल्ली हरवली’ असे कुठे म्हणते?” त्याने कोणताही नियम आठवला नव्हता, आईचे वाक्य आठवले होते. व्याकरणाच्या तासाला याहून मोठे फळ मला ठाऊक नाही.

याच्या उलट काय घडू शकते, हेही सांगितले पाहिजे. ‘से मातो’ या दोन शब्दांचा अर्थ ‘त्याने आत्महत्या केली’ असा होतो, तसाच ‘तो अपघातात ठार झाला’ असाही होतो. प्रत्येक ‘से’त ‘स्वतःला’ पाहण्याची सवय झालेला अनुवादक येथे एका अपघाताला आत्महत्या ठरवील, आणि मृताच्या पात्रावर, कदाचित सबंध कादंबरीवर, तो अन्याय असेल. लॅटिन अमेरिकन साहित्य मराठीत पुष्कळदा इंग्रजीच्या उंबरठ्यावरून येते. तेव्हा हा ‘से’ आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचा निवाडा झालेला असतो. शिवाय मध्यस्थ भाषा आपली दलाली घेतल्यावाचून राहत नाही. ‘मे लाबो लास मानोस’ म्हणजे ‘मी हात धुतो’. स्पॅनिशला येथे ‘मे’ लागतो, इंग्रजीला ‘माझे’ लागते, मराठीला दोन्ही लागत नाहीत. तरीही अलीकडच्या अनुवादित गद्यात माणसे ‘आपले’ हात धुतात आणि ‘स्वतःला’ खुर्चीत झोकून देतात. मूळ भाषेत जे नव्हते आणि मराठीत जे नको होते, ते मधल्यामध्ये उत्पन्न होते.

सर्वच ‘से’ आपल्या मापात बसतात असा माझा दावा नाही. ‘केहार्से’ म्हणजे तक्रार करणे, ‘आत्रेबेर्से’ म्हणजे धजणे, ‘आरेपेन्तिर्से’ म्हणजे पस्तावणे; यांत मराठी साधा धातू किंवा नाम-धातूची जोडी वापरून मोकळी होते, आणि आत्मनेपदाचा धागा तेथे ओढून आणू नये. दुसरीकडे ‘कोमो से यामा उस्तेद?’ या प्रश्नाला मराठीत ‘आपले नाव काय?’ एवढेच पुरे होते. पण त्या ‘आपले’मध्ये आदरार्थी ‘तुम्ही’, ‘स्वतः’ आणि ऐकणाऱ्याला सामावून घेणारा ‘आपण’ असे तिघे एकाच ‘आत्मन्’पासून उतरलेले उभे असतात. स्पॅनिश ‘नोस’ला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद करता येत नाही. देवघेवीत सदैव एकच बाजू श्रीमंत असते असे नाही.

१६४० मध्ये राचोल येथे थॉमस स्टीफन्सचे कोंकणीचे व्याकरण छापले गेले. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. त्या भाषेत, लॅटिनच्या साच्यातून, आपल्या किनाऱ्यावरील क्रियापदांची रूपे तेव्हा मांडली गेली. इबेरियाच्या नजरेने आपल्या क्रियापदांकडे पाहिल्याला पावणेचार शतके उलटून गेली. आपल्या व्याकरणाच्या नजरेने इबेरियाच्या क्रियापदांकडे पाहण्याचे काम अद्याप पद्धतशीरपणे हाती घेण्याजोगे आहे. आपल्या विद्यापीठांत परकीय भाषांचे विभाग एका मजल्यावर आणि भारतीय भाषांचे दुसऱ्या मजल्यावर असतात. मधल्या जिन्यावर पाणिनी आणि दामले भेटू शकतात, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. आत्मनेपदाचे प्रत्यय मराठीतून गेले. त्या प्रत्ययांमागची जाण ‘किल्ली हरवली’ म्हणणाऱ्या प्रत्येक घरात नांदते आहे. तिला नाव देऊन वर्गात आणणे, एवढेच आपल्याला करून घ्यायचे आहे.