आणखी पाच मिनिटं

अडकलेल्या हर्नियाची कडी कापून आतड्याचं वेटोळं सुटलं की पुढे काही न करणं हेच काम. गरम सलाईनच्या मॉपनं ते झाकायचं, भूलतज्ज्ञाला १०० टक्के ऑक्सिजन द्यायला सांगायचं आणि १० मिनिटं हात आवरायचे. मॉप उचलल्यावर प्रश्न एकच असतो: हे जिवंत आहे का?

रंग फसवतो. आत रक्त साकळलेलं वेटोळं जांभळं राहूनही जगतं. चकाकी आणि हालचाल त्याहून बरी. माझी भिस्त आतड्याला रक्त पोचवणाऱ्या पडद्यातल्या, मेसेंटरीतल्या नाडीवर. तरीही मेसेंटरीच्या विरुद्ध कडेला रक्त सगळ्यात शेवटी पोचतं, आणि कडीनं आवळलेला करडा पट्टा वेगळा पाहावा लागतो. बाकी सगळं गुलाबी झालं तरी भोक तिथेच पडतं. वीतभराचाच प्रश्न असेल तर शंका आली की कापावं. पण सुमारे सहा मीटर लहान आतड्यापैकी मागे दोन मीटरही उरणार नसतील, तर पोट मिटवून २४ ते ४८ तासांनी पुन्हा उघडण्यात कमीपणा नाही.

अलीकडे ती नाडी माझ्या बोटांना पटकन लागत नाही. रेसिडेंट म्हणते, “सर, लागतेय,” आणि मी बोट गरजेपेक्षा जास्त वेळ तिथे ठेवतो, तिचं म्हणणं मी तपासून घेतोय असं सिस्टरांना दिसावं म्हणून. ‘सरांनी आतडं वाचवलं’ हे ऐकायची चटक लागली आहे, दुसरं काय!

आता हिरव्या डायचा कॅमेरा आलाय. शिरेतून इंडोसायनिन ग्रीन दिलं की जिथे रक्त पोचतं ते उजळतं. चांगलं आहे, पण पाहायला उशीर केला तर डाय शेजारच्या मेलेल्या भागातही झिरपतो. परिषदांतल्या व्हिडिओंत हे कुणी दाखवत नाही, तिथे सगळीच आतडी उजळतात. कापलेली टोकं जोडणाऱ्या स्टेपलरवाल्यांचंही तेच. टाका धरतो तो आतड्याच्या भिंतीतला सबम्युकोसाचा थर, हे सर्जन हॉल्स्टेडनं १८८७ मध्येच दाखवलं. स्टेपलर मात्र मेलेल्या आतड्यावरही तितक्याच इमानानं चालतो.

परवा रेसिडेंट “कापू या” म्हणाली, तेव्हा मी आणखी पाच मिनिटं मागितली. ती थांबली, घड्याळाकडे बघत. शेवटी कापलंच. पण किती, यावर आमचं जमत नाही. ती दोन्हीकडे चार बोटं जास्त घेते. आयलियमच्या शेवटच्या भागात, जिथे बी-१२ शोषलं जातं, मला ही उधळपट्टी वाटते.