गप्प बसलेल्याकडचा कागद

महाविद्यालयांत गटचर्चा, म्हणजे मुलांच्या तोंडची ‘जीडी’, बहुधा प्लेसमेंट जवळ आली की आठवते. दहा जण, एक विषय, पंधरा मिनिटं. आधी तोंड उघडेल आणि शेवटी समारोप बळकावेल तो नेता. हे वळण निवडीच्या पद्धतीतून आलं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे अधिकारी निवडताना विल्फ्रेड बिऑन यांनी नेता न नेमताच गटाला काम द्यायची रीत आणली. आपल्या सेनादलांची निवड मंडळंही उमेदवारांना अशाच गटांत पारखतात. पण बिऑन वक्तृत्व पाहत नव्हते. स्वतः पुढे जायची ओढ असताना माणूस इतरांना सोबत घेतो का, हे पाहत होते. आपण नेमकं तेच गाळलं, आणि परीक्षेलाच शिकवणी समजून बसलो.

मोकळ्या चर्चेत नुसता आगाऊपणाच नडतो असं नाही. १९८५ साली स्टासर आणि टायटस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या गटांना काल्पनिक निवडणुकीतला उमेदवार निवडायला लावला. काही माहिती सगळ्यांकडे होती, काही एकेकाकडेच. ती जोडली तरच सरस उमेदवार दिसणार होता. बहुतेक गट चुकले, कारण बोलणं सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींभोवतीच फिरत राहिलं. म्हणून रचना हवी. गावच्या पाणीटंचाईवर चर्चा असेल तर एकाला विहिरींच्या पातळीचा कागद द्यावा, दुसऱ्याला टँकरच्या फेऱ्यांचा, तिसऱ्याला उसाखालच्या क्षेत्राचा. आधी तीन मिनिटं नुसतं लिहायचं, मग प्रत्येकानं एकदा बोलायचं. सूत्रधार दर वेळी वेगळा, आणि त्याला स्वतःचं मत मांडायला बंदी. इथे भल्याभल्या बोलघेवड्यांची पंचाईत होते.

इतक्या नियमांनी चर्चेची कवायत होते, हा आक्षेप थोडा खरा आहे. हात बसला की नियम सैल करावेत. पण मोकळ्या चर्चेतही नियम असतातच: फाडफाड इंग्रजी, शहरी सफाई, चढा आवाज. ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि तालुक्याहून आलेल्या मुलीला पहिल्या मिनिटातच कळतात. नेतृत्व बाकावर नव्हे, कामात घडतं, हा आक्षेप अधिक वजनदार. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर त्यासाठी चांगलंच. मात्र उद्याचं काम कोण ठरवतं, हे तिथल्या रात्रीच्या बैठकीतही पाहावं. तीच बैठक या पद्धतीनं घेतली तर चुकलेला निर्णय सकाळी श्रमदानात उघडा पडतो. गुण द्यायचेच असतील तर गटाला द्यावेत. एकेकट्याला दिले, तर आठवड्याभरात सूत्रधारच भाषण ठोकू लागेल.