सगळ्या नोंदींवर एकच सही

पडद्यावर ओळ आली, ‘प्रत्येक शेतकरी महिला आपल्या मिरचीची नोंद स्वतः करते’, आणि पणजीच्या एका सभागृहात टाळ्या पडल्या. ती ओळ खोटी होती. आदल्याच आठवड्यात मी त्या सगळ्या नोंदी ब्लॉकचेनवरून उतरवून पाहिल्या होत्या. या गोष्टीला बरेच दिवस झाले, पण राग जात नाही, म्हणून लिहिते आहे.

पेडणे तालुक्यातल्या बायकांचा एक बचत गट हरमलची मिरची पिकवतो, वाळवतो, विकतो. या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तरी पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या दिवसांत म्हापशाच्या बाजारात कुठली कुठली मिरची हरमलच्या नावावर खपते, ही या बायकांची जुनी तक्रार. एका कंपनीने त्यावर उपाय आणला. पाकिटावरचा क्यूआर कोड फोनने वाचला, की मिरची कुणाच्या शेतातली, कधी वाळवली, वजन किती, हे गिऱ्हाइकाला दिसेल, आणि ही नोंद ब्लॉकचेनवर असल्यामुळे मागाहून कुणाला फिरवता येणार नाही. मी डिचोली तालुक्यातली, पणजीत कंत्राटावर प्रोग्रॅमिंग करते. फोनवरचं अ‍ॅप आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम, यांची जोडणी माझ्याकडे आली.

त्यासाठी मी इथर्स-जेएस ही लायब्ररी घेतली. रिचर्ड मूर यांनी लिहिलेली, फुकट, कुणीही उघडून वाचावी अशी. तिच्या रचनेतली एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडते. तिथे वाचणारा आणि सही करणारा वेगळे ठेवलेले आहेत. प्रोव्हायडर फक्त ब्लॉकचेनवर काय आहे ते वाचून आणतो, त्याला काही बदलता येत नाही. बदल करायचा तर साइनर लागतो, म्हणजे ज्याच्याजवळ खाजगी चावी आहे तो. व्यवहारावर त्या चावीने सही होते, आणि सहीवरून ज्याचा पत्ता निघतो तोच कॉन्ट्रॅक्टच्या लेखी बोलणारा माणूस. कागदावर नाव कुणाचंही लिहा, कॉन्ट्रॅक्ट सही पाहतं.

आकड्यांचाही काटेकोरपणा तिच्यात आहे. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत ९००७१९९२५४७४०९९३ लिहिलं, तर ते निमूटपणे ९००७१९९२५४७४०९९२ होतं. ब्लॉकचेनवर एका नाण्याचे अठरा शून्यांइतके तुकडे मोजतात, तिथे हे परवडत नाही. म्हणून आधीच्या आवृत्तीत खास बिगनंबर होता आणि २०२३ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून भाषेतलाच बिगइंट आहे. आवृत्ती बदलताना अर्धा कोड पुन्हा लिहावा लागला, पण त्याची तक्रार नाही.

माझी आखणी अशी होती, की प्रत्येक बाईच्या फोनमध्ये तिची चावी, तिचा पत्ता. मिरची तोलली, वजन भरलं, बोट टेकवलं, सही झाली. मी पेडण्याला जाऊन सगळ्यांना ते शिकवलं. बायका पटापट शिकल्या. एका काकींनी तर दोनदा करून झाल्यावर शेजारणीला शिकवायला घेतलं. “म्हणजे बाय, हे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला करता येणार नाही?” असं त्यांनी विचारलं, आणि मी ठामपणे नाही म्हणून सांगितलं.

मग माझं काम संपलं, अ‍ॅप कंपनीच्या ताब्यात गेलं. हंगाम सरत आल्यावर सहज, नोंदी नीट पडताहेत ना हे बघायला, मी घरून प्रोव्हायडर जोडला. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आणि त्याचा एबीआय, म्हणजे त्यात कोणकोणती कामं आहेत त्याची यादी, एवढं हाताशी असलं की चार ओळींत जुन्या सगळ्या घटना मागवता येतात. मागवल्या. एका रकान्यात शेतकरी क्रमांक, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात सही करणाऱ्याचा ४२ अक्षरांचा पत्ता. क्रमांक बदलत होते, वजनं बदलत होती. पत्ता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तोच. आणि तो गटातल्या कुठल्याच बाईचा नव्हता.

कंपनीने अ‍ॅपमधून चाव्या काढून टाकल्या होत्या. बाई फोनवर बोट टेकवत होती, पण तिचं बोट नुसता एक फॉर्म पाठवत होतं. सही कंपनीच्या सर्व्हरवरच्या एकाच चावीने होत होती. म्हणजे उद्या गोदामात बसून कुणी काकींच्या क्रमांकावर दुप्पट वजन टाकलं, तर ब्लॉकचेन त्यालाही काकींची मिरची म्हणणार. ज्या फसवणुकीवर औषध म्हणून हे आणलं, तिची वाट यातूनच मोकळी झाली होती.

मी विचारलं. उत्तर आलं, बायकांना चावी सांभाळणं झेपणार नाही, आणि प्रत्येक व्यवहाराची गॅस फी त्यांनी कुठून भरायची? यातलं फीचं कारण मला आजही सहन होत नाही. एक तर हा प्रयोग टेस्टनेटवर, म्हणजे चाचणीच्या नेटवर्कवर चालला होता, तिथली नाणी फुकट मिळतात. दुसरं, फी भरणारा आणि सही करणारा एकच असावा लागतो असं कुठे आहे? ईआयपी-७१२ नावाच्या पद्धतीने बाई आपल्या फोनवर मजकुरावर सही करते, त्याला पैसा लागत नाही. ती सही कंपनीचा सर्व्हर उचलतो, फी भरून कॉन्ट्रॅक्टकडे पोचवतो, आणि कॉन्ट्रॅक्ट सहीवरून बाईचा पत्ता काढून तिच्या खात्यावर नोंद करतं. इथर्समध्ये त्याची सोय तयार आहे. मी हे लिहून दिलं, नमुना करून दाखवला. ‘तांत्रिक तपशील नंतर बघू’, एवढ्यावर विषय मिटवला गेला आणि सभागृहात ती ओळ झळकली.

एका चावीने सही करणं नेहमीच गैर असतं असं मी म्हणत नाही. गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ साली जातीचे ६५,००० दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम झालं. दाखला देणारं शासन, तेव्हा सही शासनाची हेच योग्य. इथे दावा बाईचा होता. ‘मी पिकवली’ हे तिने म्हणायचं होतं.

मला हे एवढं का लागलं, याचंही कारण आहे. आमच्या तालुक्यातल्या मये गावात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या माणसांच्या पायाखालची जमीन कागदावर त्यांची नव्हती. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर ती स्थलांतरितांची मालमत्ता ठरून सरकारी कस्टोडियनकडे गेली, आणि आपलंच घर आपल्या नावावर व्हावं म्हणून लोकांनी दशकानुदशकं हेलपाटे घातले. राबणारा एक आणि कागदावर दुसरा, हे ऐकतच मी वाढले. ब्लॉकचेनकडे मी ओढली गेले त्यामागे हे होतं. तिथे तरी नोंद कुणाच्या मेहरबानीवर नसेल, असं वाटायचं.

निदान पुरावा कायमचा आहे, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. तो एकच पत्ता साखळीवर आहे, कधीही कुणालाही दाखवता येईल. तेही टिकलं नाही. आमचं टेस्टनेट पॉलिगॉनचं होतं, जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मॅटिक म्हणून सुरू केलेल्या नेटवर्कचं. त्या टेस्टनेटचं नाव मुंबई. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई बंद झालं आणि त्याची जागा अमॉयने घेतली. जुन्या नोंदी नव्या जाळ्यावर आल्या नाहीत. टेस्टनेट कायमचं नसतं हे प्रोग्रॅमरला माहीत असतं, पण बायकांना ‘कधीच न पुसली जाणारी नोंद’ म्हणून जे सांगितलं गेलं होतं, ते हेच. माझ्या लॅपटॉपवर त्या रकान्यांची फाइल आहे. पण साधी मजकुराची फाइल कुणीही टाइप करू शकतो, तिला पुरावा कोण म्हणेल? गटाची वही तेवढी आहे, प्रत्येकीच्या हातच्या सहीची.

म्हणून गावागावांतल्या गटांना माझं सांगणं आहे. कुणी ब्लॉकचेन घेऊन आलं, तर ती काय करते हे विचारू नका. चावी कुठे राहणार, आणि खरं नेटवर्क की चाचणीचं, हे दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आता गटाने कंपनी सोडून हेच काम पुन्हा करायचं मनावर घेतलं आहे. परवा मी पुन्हा चाव्यांचं बोलायला लागले, तेव्हा त्याच काकींनी अडवलं, “फोन विहिरीत पडला तर?” खाजगी चावी हरवली तर ती जगात कुणी परत देऊ शकत नाही. कंपनीचा हा आक्षेप मी तेव्हा झटकून टाकला होता, पण तो खोटा नव्हता. मी म्हटलं, गटातल्या तिघींनी मिळून सह्या केल्या की तुम्हाला नवा पत्ता मिळेल, असं कॉन्ट्रॅक्टमध्ये घालता येतं. काकी लगेच म्हणाल्या, “मग त्या तिघी मिळून माझं नावही काढून घेतील की.” ते बरोबरच होतं. सध्या असं ठरलं आहे, की जुन्या नोंदींवरचा पत्ता कुणालाच बदलता येऊ नये. नवा पत्ता फक्त पुढच्या नोंदींना लागू व्हावा, आणि त्या तिघींच्या सह्या गटाच्या सभेत, त्या बाईसमोरच व्हाव्यात.