रविवारचे शिपाई

फौजदारी कायद्यात काही कलमे अशी असतात की, ती आपण परीक्षेसाठी पाठ करतो, नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा पुन्हा वाचतो आणि मग ती वापरण्याचा प्रसंग आपल्यावर येऊ नये, अशी मनोमन प्रार्थना करीत सेवानिवृत्त होतो. बेकायदा जमाव पांगविण्यासाठी सैन्याचे साहाय्य मागण्याचे कलम त्यांपैकीच एक. 1973च्या संहितेत त्याचा क्रमांक 130 होता. 1 जुलै 2024पासून नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि तेच कलम 149 झाले. क्रमांक बदलला, आशय तोच राहिला. दंडाधिकाऱ्याने सांगावयाचे की, जमाव पांगवा. कसा पांगवावयाचा हे सैन्याच्या अधिकाऱ्याने ठरवावयाचे. आणि ते ठरविताना कार्यास अवश्य तेवढेच, म्हणजे कमीत कमी बळ वापरावयाचे.

आपल्यापैकी ज्यांनी परप्रांतात एखाद्या जिल्ह्याचा कारभार पाहिला असेल, त्यांना ‘सैन्य’ म्हटले की दूरच्या छावणीतून आलेली, गावाशी नातेगोते नसलेली पलटण आठवेल. जमावात तिचे सोयरे कोणी नसते, आणि प्रशासनाच्या दृष्टीने हीच तिची मोठी सोय असते. परंतु कायद्यातील ‘सैन्य’ या शब्दात आणखी एक मंडळी बसतात, त्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. ती म्हणजे प्रादेशिक सेनेतील, टेरिटोरियल आर्मीतील, अर्धवेळ शिपाई. एरवी ती कुठे कारकून असतात, कुठे फिटर, कुठे शेतकरी. वर्षातील ठराविक दिवस गणवेश चढवावयाचा, कवाइत करावयाची, आणि पुन्हा आपल्या टेबलाकडे किंवा नांगराकडे परतावयाचे. 1948 साली या सेनेचा कायदा झाला आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मुलकी सत्तेच्या मदतीस धावून जाणे हे तिचे एक कर्तव्य म्हणून कायद्यातच नमूद आहे.

इंग्रजांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडविला होता. 1920 साली त्यांनी दोन निरनिराळे कायदे केले. एकाने युरोपियन व अँग्लो-इंडियन स्वयंसेवकांचे ऑक्झिलरी फोर्स उभे राहिले, दुसऱ्याने हिंदी लोकांसाठी टेरिटोरियल फोर्स. देशांतर्गत गडबडीच्या वेळी भरवसा ठेवावयाचा तो पहिल्यावर. रेल्वेतील गोरे ड्रायव्हर आणि गार्ड त्यात असत, जी. आय. पी. रेल्वेची तर स्वतःची पलटण होती. बंदूक धरणारा आणि तिच्यापुढे उभा राहणारा यांच्यात वर्णाचे अंतर ठेवले की शिक्षणाचा निम्मा प्रश्न मिटतो, असा तो हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर ते अंतर राहिले नाही. रेल्वे इंजिनिअर्सच्या टेरिटोरियल तुकड्या झाल्या, त्यांत रेल्वेचेच कामगार भरती झाले. आणि संप झाला की ज्याच्याबरोबर काल एका डब्यातली भाकरी खाल्ली त्याच्यासमोर आज गणवेशात उभे राहण्याची पाळी येऊ लागली. या माणसाला दंगल आवरण्याचे शिक्षण द्यावयाचे ते कसे?

मला हा प्रकार जवळून पाहावयास मिळाला तो 1981च्या हिवाळ्यात. मी त्या वेळी मध्य प्रदेशातील एका मोठ्या जंक्शनच्या गावी उपविभागीय दंडाधिकारी होतो. अशा एका तुकडीचे वार्षिक शिबिर गावाबाहेर पडले होते, आणि सरावासाठी खराखुरा दंडाधिकारी हवा म्हणून मला आमंत्रण आले. माझे काम सोपे होते: इशारा वाचावयाचा, पोलिसांच्याने जमाव आवरत नाही असे जाहीर करावयाचे, आणि एका छापील कागदावर सही करावयाची.

अर्धी तुकडी सैन्य झाली, अर्धी जमाव. जमावाच्या वाट्याला आलेल्यांनी मळके सदरे घातले, चौघांनी डोक्यावरून टॉवेल ओढून स्त्रिया होण्याचे पत्करले, आणि मग जे झाले ते पाहून मी थक्क झालो. ही माणसे जमाव होण्यात विलक्षण निष्णात होती. स्त्रिया पुढे बसविल्या. घोषणा एकाच ठिकाणाहून न देता मागून, पुढून, बाजूने अशा उठविल्या की, म्होरक्या कोण ते कळू नये. मी कागद हातात घेतो न घेतो तोच तिघांचे एक शिष्टमंडळ अत्यंत विनयाने पुढे आले आणि सही करण्यापूर्वी आमचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे त्यांनी हात जोडून सांगितले. मी ध्वनिक्षेपकावरून इशारा वाचला, तेव्हा जमावातूनच एकजण ओरडला, “साहेब, भोंगा वाऱ्याच्या तोंडी लावलाय, इकडे काही ऐकू येत नाही!” भोंगा फिरविण्यात आला. इशारा दिला एवढे पुरत नाही, तो पोहोचला पाहिजे, हे मला कोणत्याही परिपत्रकापेक्षा त्या फायरमनने अधिक चांगले शिकविले.

त्याउलट जे सैन्य झाले होते ते अवघडून गेले होते. शिकविणारे सुभेदार नियमित सेनेतील, गढवालकडचे, मितभाषी. त्यांनी जमिनीवर एक दोर टाकला होता. तो ओलांडला जाईपर्यंत कोणी हालचाल करावयाची नाही. बिगूल वाजला, हिंदीतील इशाऱ्याचा फलक उलगडला गेला. त्यानंतर मी कल्पिले होते की ओळीने बंदुका उचलल्या जातील. तसे झाले नाही. तुकडीच्या नायकाने एकाच शिपायाचे नाव घेतले, जमावातील एक माणूस दाखविला, किती गोळ्या ते सांगितले (एक), आणि कुठे तेही सांगितले (गुडघ्याखाली). बाकीच्यांच्या बंदुका खालीच. सुभेदारांनी मला नंतर समजावून सांगितले: नाव न घेता नुसता हुकूम दिला, तर कोण कोण झाडील हे हुकूम देणाऱ्यालाही कळणार नाही. आणि हवेत गोळी झाडावयाची नाही. हवेत म्हणजे कोणाच्या तरी माडीवर.

हे नियम कोणा दयाळू माणसाला एके दिवशी सुचले असे नव्हे. 13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत इशाऱ्यावाचून सुमारे दहा मिनिटे गोळीबार झाला. 1650 गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारी आकड्यानुसारच 379 माणसे मेली. हंटर समितीपुढे सर चिमणलाल सेटलवाड यांनी जनरल डायरची उलटतपासणी घेतली, तेव्हा जमाव पांगविण्यापेक्षा साऱ्या पंजाबवर वचक बसविण्याचा हेतू त्याच्या तोंडूनच बाहेर आला. कमीत कमी बळाच्या तत्त्वामागे ती बाग उभी आहे. तथापि डायरच्या हाताखाली होते ते पूर्णवेळ सैनिक. त्यांनी हुकूम झाला म्हणून गोळ्या झाडल्या. अर्धवेळ शिपायाच्या बाबतीत भीती वेगळी असते. तो हुकूम नसतानाही झाडील, ही ती भीती.

अमेरिकेतील नॅशनल गार्ड हा आपल्या प्रादेशिक सेनेचा दूरचा भाऊबंद. जुलै 1967मध्ये डेट्रॉइट शहर पेटले, 43 माणसे मेली. गार्डचे तरुण अंधारात, अनोळखी गल्ल्यांतून, प्रत्येक खिडकीत बंदूकधारी आहे अशा समजुतीने गोळ्या झाडीत होते. मग नियमित सेनेच्या छत्रीधारी पलटणी आल्या. जनरल थ्रॉकमॉर्टन यांनी आल्याबरोबर बंदुका रिकाम्या करण्याचा हुकूम दिला. या पलटणींनी त्या साऱ्या काळात 201 गोळ्या झाडल्या, त्याही बहुतेक पहिल्या काही तासांत. त्यांच्या वाट्याचे भाग लवकर शांत झाले. पुढच्याच महिन्यात गार्डच्या तुकड्यांना 32 तासांचे दंगल-नियंत्रणाचे शिक्षण द्यावे, असे ठरले. ते दिलेही गेले. आणि 4 मे 1970 रोजी ओहायो राज्यातील केंट येथे त्याच गार्डच्या 28 शिपायांनी 13 सेकंदांत साठाहून अधिक गोळ्या झाडून चार विद्यार्थ्यांना ठार केले, नऊ जणांना जखमी केले. मेलेल्यांतील सर्वांत जवळचा विद्यार्थी सुमारे 80 मीटरांवर होता. हुकूम कोणी दिला, की दिलाच नव्हता, याचा वाद मिटलेला नाही. शिपायांपैकी अनेकजण विद्यार्थ्यांच्याच वयाचे होते. आधीचे काही दिवस मालमोटारवाल्यांच्या संपाच्या बंदोबस्तावर राबून ते तेथे आले होते. नेमलेल्या चौकशी आयोगाने तो गोळीबार अनावश्यक व अक्षम्य ठरविला.

वय एक, गाव एक, भाषा एक, एवढ्याने हात आवरला जातो, असे आपण भाबडेपणाने समजतो. माझे मत उलट होत गेले आहे. परका शिपाई जमावाला फार तर गर्दी समजतो. ओळखीच्या शिपायाला मात्र तिच्यातले चेहरे दिसतात, मनात जुनी देणीघेणी उठतात, शरम वाटते, आणि शरमेने भेदरलेला माणूस बंदुकीच्या दृष्टीने फार वाईट. म्हणून त्याच्या शिक्षणातले निम्मे तास तरी बंदुकीवाचून नुसते उभे राहण्यात आणि जमाव होण्यात जावेत, असे मला वाटते. त्या शिबिरात दुसऱ्या दिवशी बाजू बदलल्या जात, हे मला त्यातील सर्वांत शहाणपणाचे वाटले.

चहाच्या वेळी त्या भोंग्याच्या फायरमनशी बोलणे झाले. मे 1974च्या संपात त्याची तुकडी बोलाविली गेली होती. शेडमधून त्याने इंजिन काढले. फाटकाशी त्याच्याच चाळीतील बायका उभ्या होत्या, त्यांत त्याची थोरली भावजय. ती बोलली नाही, ओरडली नाही. इंजिन जाईपर्यंत नुसती वर पाहत राहिली. पुढे वर्षभर भावाच्या घरून सणाचे ताट आले नाही. केले ते योग्य होते, असे तो ठामपणे म्हणाला, पण ताटाचा उल्लेख त्याने दोनदा केला.

मी विचारले, “त्या बायका त्या दिवशी रुळावर आल्या असत्या तर?”

त्याने पेला खाली ठेवला. “म्हणूनच सरावात मी जमावात असलो की सर्वांत पुढे बसतो, साहेब. समोरच्या रांगेत कोणाचा हात कापतो, ते तिथूनच दिसते. रात्री सुभेदारसाहेबांच्या कानावर घालतो. दुसऱ्या दिवशी त्याला बंदूक मिळत नाही, नोंदवहीवर बसवतात.”

“त्याला राग येत नाही?”

“पहिल्या वर्षी मीच नोंदवहीवर होतो,” तो म्हणाला.

2021 साली रेल्वेच्या सहा टेरिटोरियल तुकड्यांपैकी पाच विसर्जित करण्याचा निर्णय झाला. असे शिबिर आज कुठे पडत असेल, तर ते दुसऱ्याच कोणाचे असेल. कलम 149 मात्र आपल्या जागी आहे.

त्या संध्याकाळी निघताना मी मोजणी पाहण्यास थांबलो. बिनगोळीची चौदा काडतुसे दिली गेली होती आणि रिकाम्या पुंगळ्या भरल्या तेरा. सरावाचीच काडतुसे ती. मला वाटले, कोणी तरी वहीत लिहून मोकळे होईल. सुभेदारांनी कंदील मागविले. जमाव आणि सैन्य, टॉवेलवाल्या स्त्रियांसुद्धा, एका रांगेत गुडघ्यांवर बसून गवत चाचपडू लागले. पावणेनऊला पुंगळी सापडली, दोरापासून हातभर अंतरावर. वहीत चौदा लिहिले गेले, आणि मग लंगरची घंटा झाली.